तिरकं रडार आणि काकांचं चलन

शेजारचे काका पुण्याहून साताऱ्याला येत होते. खंबाटकी घाट उतरून सुरूरच्या पुढे आले तेव्हा गाडीचा वेग टिपला गेला आणि मोबाईलवर चलन आलं. "रडार रस्त्याकडेला तिरकं होतं, म्हणून वेग जास्त दिसला. कोर्टात हेच सांगणार," काका म्हणाले. मी कागदावर आकृती काढून दाखवली, कारण हा मुद्दा त्यांच्यावरच उलटला असता.

एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच. रडारची रेडिओ लहर गाडीवर आपटून परतताना तिची वारंवारता बदलते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या रडारला ताशी १०० किलोमीटरची गाडी सुमारे ४,४७० हर्ट्झचा फरक दाखवते. हा फरक कानाला ऐकू येईल इतक्या पट्टीतला आहे. म्हणून तर असं रडार तपासायला नादकाटा चालतो: ठरावीक वारंवारतेचा काटा वाजवून समोर धरला की पडद्यावर ठरावीक वेगच उमटला पाहिजे.

आता कोन. रडारला गाडीच्या वेगातला फक्त आपल्या दिशेचा भाग दिसतो. २० अंशांचा कोन असेल तर १०० चे ९४ दिसतात. एका जागी उभ्या रडारचा तिरकेपणा आकडा कमीच करतो, वाढवत नाही.

खरी शंका वेगळीच आहे. रडारचा झोत १२ अंशांचा असेल तर १०० मीटरवर तो २१ मीटर रुंद होतो. म्हणजे शेजारच्या लेनही त्यात आल्या. त्यात मोठ्या बसकडून परतणारी लहर छोट्या कारपेक्षा जोरकस असते. मग आकडा नेमका कुणाचा? लेझर गनचा झोत मात्र ३०० मीटरवरही जेमतेम मीटरभर असतो, तिथे ही शंका फारशी टिकत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार एकाच साक्षीदाराच्या नुसत्या नजरेच्या अंदाजावर वेगासाठी दोषी ठरवता येत नाही, त्यामागे यंत्राचं मोजमाप लागतं. म्हणूनच यंत्राची तपासणी मला इतकी महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्यासारख्या स्वयंचलित यंत्रांना नियम १६७अ प्रमाणे मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते मागणं हा आडमुठेपणा नव्हे.

काकांनी आकृती बाजूला सारली आणि चलनातला फोटो बोटांनी मोठा केला. उजव्या लेनमध्ये, त्यांच्या गाडीला जवळजवळ खेटून, एक स्लीपर बस होती. अर्जाची पहिली ओळ त्यांनी तिथेच लिहिली: वेग मोजणारं यंत्र रडारचं होतं की लेझरचं, ते कळवावं.