जर्मनीत घरी काडतुसे भरायची? बारुदाच्या परवान्याचे कागद

.३३८ लापुआ मॅग्नमसारख्या मोठ्या कॅलिबरचे तयार काडतूस महाग पडते. काडतुसाचे पितळी कवच मात्र पुन्हा पुन्हा भरता येते, त्यामुळे रीलोडिंगचा हिशेब कागदावर छान दिसतो. पण बारूद घ्यायला जर्मन स्फोटक कायद्याच्या कलम २७ चा परवाना लागतो, आणि नेमबाजी क्लबातली आपली मंडळी अडतात ती तिथेच.

पहिला घोटाळा क्रमाचा. लोक आधी परवान्यासाठी लागणाऱ्या, बारूद हाताळायच्या कोर्सचे पैसे भरून मोकळे होतात. कोर्सला बसण्याआधी हरकत नसल्याचा दाखला हवा, म्हणजे ती लांबलचक ‘उनबेडेंकलिशकाइट्सबेशाइनिगुंग’. त्यासाठी तुमची पार्श्वभूमी तपासली जाते, आणि ती तपासणी कुणाच्या घाईवर चालत नाही. दाखला एक वर्ष चालतो, तेही त्यावरच्या तारखेपासून. पत्र हाती पडल्यापासून मोजू नका. मुदत टळली की पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

दुसरा अडथळा ‘बेड्युर्फनिस’, म्हणजे गरजेचा पुरावा. नेमबाजाला तो आपल्या क्लबाकडून किंवा नेमबाजी संघटनेकडून घ्यावा लागतो. क्लबच्या अध्यक्षांचे प्रेमळ पत्र पुरेल असे धरून चालू नका. नुकतेच भारतातून आलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: सलग पाच वर्षांचे वास्तव्य नसेल तर शस्त्रपरवानाच नाकारता येतो. रायफल नसताना बारुदाची गरज कशी दाखवणार? तेव्हा ती पायरी आधी.

अर्जात बारूद किती हवे तेही विचारतात, आणि इथे लोक अंदाजपंचे आकडा टाकतात. .३०८ कॅलिबरला एका काडतुसात साधारण ३ ग्रॅम जाते, म्हणजे किलोत सव्वातीनशेच्या आसपास. .३३८ ला जवळपास ६ ग्रॅम, म्हणजे किलोत जेमतेम १७०. (नेमकी मात्रा मात्र उत्पादकाच्या तक्त्यावरूनच घ्या.) वर्षाला किती झाडता त्यावरून आकडा काढा आणि विचारले तर हा हिशेब दाखवा.

बाकी वय २१ पूर्ण, ओळखपत्र, कोर्सचे प्रमाणपत्र, साठवणुकीचे वर्णन. अर्ज कुठे द्यायचा ते राज्यागणिक बदलते: कुठे लांडराट्सआम्ट (जिल्हा कार्यालय), कुठे शहराचे ऑर्डनुंग्सआम्ट (सुव्यवस्था कार्यालय). फोन करून विचारा. चुकीच्या टेबलावर पडलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

परवाना सहसा पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज काही महिने आधीच टाका, कारण परवाना संपला तरी कपाटातला उरलेला डबा तसाच असतो, आणि तो बाळगायचा हक्क तुमच्याकडे राहत नाही.