खाण की पेव? नेदरलँड्समधली जमिनीखालची ऊब आणि तिला मिळणारी सरकारी मदत

जूनमध्ये आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक पत्र लागलं. रहिवाशांनी उन्हाळ्यात घरातलं कूलिंग हात न आखडता वापरावं, म्हणजे हिवाळ्यासाठी जमिनीत पुरेशी उष्णता साठेल, असा मजकूर होता. बाबा तेव्हा सांगलीहून आइंडहोव्हनला आमच्याकडे आले होते. मी पत्राचा अर्थ सांगितला तसे ते म्हणाले, "अगं, इथं जमिनीखाली गरम पाणी आहे म्हणालीस ना, वज्रेश्वरीसारखं? मग ते आपण साठवायचं कशाला?"

त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. जमिनीखालून घरं गरम करायच्या दोन तऱ्हा या देशात आहेत आणि मराठीत दोन्हींना आपण सरसकट 'भूऔष्णिक' म्हणून मोकळे होतो. डच लोकांकडे त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. आर्डवार्म्टे म्हणजे खोल जमिनीतली मूळची उष्णता. दुसरीला ते डब्ल्यूकेओ म्हणतात, म्हणजे उष्णता आणि थंडी यांची साठवण. दोन्हींत विहिरींची जोडी असते, दोन्हींत एका विहिरीतून पाणी वर येतं आणि दुसरीतून परत खाली जातं, दोन्हींना घरात गॅस लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याचा गोंधळ व्हायचाच. पण एक खाण आहे आणि दुसरं कोठार, आणि सरकारने कुठे कसा हात द्यायचा हे त्यावरूनच ठरतं.

आधी खाण. खाली जाल तसं जमिनीचं तापमान दर किलोमीटरला साधारण 30 अंशांनी वाढतं. नेदरलँड्समध्ये ज्वालामुखी नाहीत, वाफेचे फवारे नाहीत, पण दोन किलोमीटर खाली सच्छिद्र वालुकाश्मात 70 अंशांच्या आसपासचं खारं पाणी आहे. ते पंपाने वर आणायचं, त्याची उष्णता हीट एक्स्चेंजरमधून काढून घ्यायची आणि थंडावलेलं पाणी त्याच थरात, पण दीड-दोन किलोमीटर लांब, परत सोडायचं. दोन्ही विहिरींची तोंडं एकाच आवारात असतात. खाली जाताना त्या तिरक्या होत एकमेकींपासून दूर जातात. परत सोडलेलं गार पाणी हळूहळू पुढे सरकतं आणि काही दशकांनी उपसा विहिरीपाशी पोचतं. तेव्हा ती जोडी उतरणीला लागते. खाणीला आयुष्य असतं, तसं हिलाही असतं.

या देशात हे पहिल्यांदा करून दाखवलं ते एका टोमॅटो पिकवणाऱ्याने, 2007 मध्ये, ब्लायस्वाइक गावात. इथली टोमॅटो-ढोबळी मिरचीची काचघरं हिवाळाभर गॅस जाळतात, म्हणून गॅसच्या बिलाचा चटका सगळ्यात आधी त्यांना बसतो. आजही खोल उष्णतेचे बहुतेक प्रकल्प काचघरांसाठीच चालतात, आणि सगळे मिळून त्यांची संख्या पंचवीसच्या आसपासच आहे.

इतके कमी का? कारण या धंद्यातला सगळा धोका पहिल्याच दिवशी समोर येतो. विहिरींच्या एका जोडीला कोट्यवधी युरो लागतात, ते आधी खर्च करायचे आणि मग कळणार की खडक पाणी देतो की नाही. आपल्याकडे बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, गाडी आली, तीनशे फुटांवर नुसता फुफाटा उडाला, आणि कर्ज तेवढं उरलं. इथे फूट किलोमीटरांत मोजायचे, एवढाच फरक. म्हणूनच कुठलीही बँक पहिल्या विहिरीला पैसे द्यायला बिचकते.

डच सरकारची मदत नेमकी या दुखऱ्या जागेवर येते. 2009 पासून सरकारची हमी योजना आहे: प्रकल्पवाल्याने हमीच्या रकमेच्या 7 टक्के हप्ता भरायचा, आणि खडकाने अपेक्षेपेक्षा कमी दिलं तर नुकसानीचा 85 टक्क्यांपर्यंतचा भार सरकार उचलतं. ही अनुदानाची खिरापत नाही, हा विमा आहे. फरक असा की खासगी विमा कंपनी ज्या धोक्याला हात लावत नाही, तो सरकारने पत्करला. दुसरी मदत माहितीची. खनिज तेल आणि गॅस शोधताना देशाचे काही भाग चाळून झाले होते, काही कोरेच राहिले होते. त्या कोऱ्या भागांखाली काय आहे ते पाहण्यासाठी सरकारने स्कॅन नावाचा कार्यक्रम काढला. त्यात हजाराहून अधिक किलोमीटर लांबीच्या भूकंपलहरी-रेषा (जमिनीत कंपनं सोडून खालचे थर पाहण्याच्या रेघा) मोजल्या आणि ती माहिती सगळ्यांना खुली केली. मला स्वतःला ही मदत सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती एका प्रकल्पाला नाही, पुढच्या सगळ्यांना मिळते.

तिसरी मदत चालू खर्चाची. एसडीई या योजनेत 2012 पासून खोल उष्णता आहे (2020 पासून तिचं नाव एसडीई++). उष्णता बनवायला येणारा खर्च आणि बाजारात तिला मिळणारा भाव यांतली तूट सरकार 15 वर्षं भरून देतं, तेही प्रत्यक्ष दिलेल्या उष्णतेच्या मापावर. विहीर बंद पडली तर पैसे बंद. 2022 मध्ये गॅसचे भाव भडकले तसा बाजारभाव वर गेला आणि ही तूट आपोआप आटली. चौथी गोष्ट भागीदारीची. ईबीएन ही पूर्णपणे सरकारी कंपनी ग्रोनिंगेनच्या गॅसक्षेत्रात 40 टक्क्यांची भागीदार होती. गॅस काढून काढून तिथली जमीन हलायला लागली, 2012 च्या ऑगस्टमध्ये हाउझिंगे गावी 3.6 तीव्रतेचा धक्का बसला, घरांच्या भिंती तडकल्या, आणि अखेर 1 ऑक्टोबर 2023 ला उत्पादन थांबलं. तीच ईबीएन आता खोल उष्णतेच्या प्रकल्पांत उतरली आहे. जुलै 2023 पासून कायद्यानेच तिचा हिस्सा ठेवावा लागतो.

ग्रोनिंगेनचं नाव इथे काढावंच लागतं, कारण खोल विहीर म्हटलं की डच माणसाच्या डोळ्यांपुढे त्या तडकलेल्या भिंती येतात. 2018 मध्ये व्हेन्लोजवळच्या एका उष्णता प्रकल्पाच्या परिसरात दोनहूनही कमी तीव्रतेचा धक्का नोंदला गेला आणि तो प्रकल्प बंद झाला. तिथल्या विहिरी भेगाळलेल्या खडकात होत्या; साध्या वालुकाश्मातल्या विहिरींना तो धोका बराच कमी. पण लोकांचा विश्वास खडकाचा प्रकार पाहून बसत नाही, म्हणून खाणींवर देखरेख ठेवणारं सरकारी खातंच या विहिरींवरही डोळा ठेवतं.

आता आमच्या इमारतीकडे येते. दर वर्षी एक दिवस तळघरातली यंत्रखोली रहिवाशांना उघडून दाखवतात. बाबांना मी तिथे नेलं. दारातच कानावर पंपाची एकसुरी घरघर आली. समोर फेस गुंडाळलेले दोन जाड नळ, एकावर लाल पट्टी, एकावर निळी. निळ्यावरच्या तबकडीवर 9 अंश, लाल नळावर 17. बाबांनी दोन्हींवरून तळहात फिरवला, निळ्या नळाच्या उघड्या जोडावर जमलेला दहिवर बोटाने पुसला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "हे तर पेव आहे."

सांगलीकराला ते सुचणारच. शेजारच्या हरिपुरात कृष्णाकाठच्या मातीत हळदीची पेवं असत: वर निमुळतं तोंड, खाली ऐसपैस पोट. हळद भरून तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. 2005 च्या महापुराने त्यातली पुष्कळ गेली. पेवातली हळद जमिनीने पिकवलेली नसते. आपण भरली तेवढीच ती सांभाळते.

डब्ल्यूकेओ असंच चालतं. विहिरी साधारण 50 ते 200 मीटर खोल, वाळूच्या पाणथरात, एक ऊन आणि एक गार. उन्हाळ्यात गार विहिरीतलं 8-9 अंशांचं पाणी वर येतं, घराघरांच्या फरशीखालच्या नळ्यांना गारवा देतं, घरातली उष्णता घेऊन 16-17 अंशांचं होतं आणि ऊन विहिरीत जाऊन बसतं. त्याला एसीसारखा कॉम्प्रेसर लागत नाही, नुसता पंप पुरतो. हिवाळ्यात उलट: ऊन विहिरीतलं पाणी वर, हीट पंप त्यातली उष्णता 40 अंशांपर्यंत चढवून फरशीला देतो, आणि गारठलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यासाठी गार विहिरीत. आमच्या इमारतीत गेल्या उन्हाळ्यात लोकांनी कूलिंग फारसं लावलंच नाही, वीज वाचवतोय या समजुतीने. त्यामुळे ऊन विहीर अर्धपोटी राहिली आणि फेब्रुवारीत वीजखाऊ जोडहीटर चालवावा लागला. पत्र त्यासाठी होतं.

अशा खुल्या, म्हणजे पाणथरातलंच पाणी वर-खाली करणाऱ्या, साठवणींची संख्या नेदरलँड्समध्ये हजारोंत आहे. 2018 च्या एका जागतिक आढाव्यात जगभर 2,800 हून अधिक मोजल्या होत्या, त्यांतल्या सुमारे 85 टक्के या एका देशात. आमच्या गावच्या तंत्रविद्यापीठाचा अख्खा परिसर अशाच साठवणीवर चालतो.

इतक्या झाल्या त्या अनुदानाच्या जोरावर नव्हे. इथे खडकाचा जुगार नाही. पाणथर कुठे आहे ते ठाऊक असतं आणि विहीर उथळ असते. म्हणून हमी योजना नाही, सरकारी भागीदार नाही. कंपन्यांना करपात्र नफ्यातून गुंतवणुकीचा काही हिस्सा वजा करता येतो. जुन्या घरांना जमिनीतल्या हीट पंपासाठी आयएसडीई योजनेतून ठरावीक रक्कम मिळते. खरा रेटा दिला तो नियमांनी. 1 जुलै 2018 पासून नव्या घरांना सर्वसाधारणपणे गॅसची जोडणीच मिळत नाही, आणि 2021 पासून नवी इमारत जवळपास शून्य ऊर्जेची असावी लागते. बिल्डरपुढे मग नळांनी घरोघर ऊब पुरवणारं शहरी उष्णताजाळं, हवेतला हीट पंप आणि जमिनीतलं पेव एवढेच पर्याय उरतात.

साठवणीत सरकारचं दुसरं काम पंचाचं, आणि ते मला अनुदानाहून अवघड वाटतं. एका चौकात चार इमारतींनी पेवं खोदली आणि एकाची ऊन विहीर दुसऱ्याच्या गार विहिरीशेजारी आली, तर दोघांचं भांडवल बुडतं. म्हणून खुल्या साठवणीला प्रांताचा परवाना लागतो, आणि दाटीच्या भागात नगरपालिका जमिनीखालचा आराखडा आखून कोणाची ऊन विहीर कुठे, गार कुठे ते ठरवतात. सोडलेलं पाणी सर्वसाधारणपणे 25 अंशांहून गरम नको, वर्षानुवर्षांच्या हिशेबात जमीन तापत जाता कामा नये, आणि पिण्याच्या पाण्याच्या राखीव पट्ट्यात खोदाईला मनाई. हा पाणथरच निम्म्याहून जास्त देशाला पिण्याचं पाणी देतो, त्यामुळे या बाबतीत कोणी ढिलाई मागत नाही.

कायद्याने दोघांमधली रेघ 500 मीटरवर ओढली आहे. तिच्याखालची उष्णता खाणकायद्यात, वरची प्रांत आणि नगरपालिकांकडे. रेघ सोयीची आहे, पण निसर्ग ती पाळतोच असं नाही. उत्तरेला मिडेनमेर इथे काचघरांच्या वसाहतीत 2021 पासून एक प्रयोग चालू आहे: दोन किलोमीटरहून खोल विहिरींची उष्णता उन्हाळ्यात काचघरांना नको असते, म्हणून ती 85 अंशांच्या आसपास तापमानाने साडेतीनशे मीटरवरच्या थरात भरायची आणि थंडीत काढायची. म्हणजे खाणीतला माल पेवात. खोलीच्या मापाने ती साठवण वरच्या नियमांत येते, तापमानाच्या मापाने 25 अंशांच्या कितीतरी पलीकडे जाते, आणि त्यामुळे तिला वेगळी परवानगी घ्यावी लागली. काचघरं असलेल्या देशाला याचा मोह होणं स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात निम्मी पडून राहणारी महागडी विहीर बारा महिने चालते. मला वाटतं पुढची दहा वर्षं डच सरकारला सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच करावी लागेल, कारण हमी खाणीला दिली आणि परवाना पेवाला दिला, पण दोन्ही एकत्र करणाऱ्याने कोणत्या दारात उभं राहायचं?

परत जाताना बाबांनी विचारलं की आपल्याकडे यातलं काय होईल. भारत सरकारने 2025 मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण आणलं आणि त्यात खोल उष्णता आणि जमिनीतले हीट पंप या दोन्हींचा समावेश आहे. कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथे ऊन पाणी आपसूक वर येतं, ते खाणीच्या बाजूचं. पण तिथे घर गरम करायची गरज कोणाला? पेवाचं गणित सांगली-मुंबईत वेगळ्याच कारणाने अडतं. वर्षभर गारवाच हवा, थंडी अशी पडतच नाही, मग गार विहीर भरणार कशाने? दर वर्षी उष्णताच आत जाईल आणि जमीन तापत राहील. लडाखची गोष्ट निराळी. पुगा खोऱ्यात 4,400 मीटरच्या आसपास उंचीवर उकळत्याच्या जवळ पोचलेले झरे आहेत आणि भोवती शून्याखालचा हिवाळा. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तिथल्या बोअरला आधी विमा काढा म्हणावं."