खोदण्याआधी विचारा: ‘कॉल बिफोर यू डिग’वर चौकशी कशी नोंदवायची

नवीन नळजोडणीसाठी रस्ता फोडायचा असतो, सोसायटीच्या ड्रेनेजची लाइन बदलायची असते. ठेकेदार जेसीबी घेऊन येतो आणि तासाभरात कुणाची तरी केबल तुटते, नाहीतर पाण्याची लाइन फुटते. खाली काय आहे हे आधी कुणी विचारलेलंच नसतं. ते विचारण्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आहे. 22 मार्च 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ते सुरू झालं. बेशिस्त खोदकामामुळे ऑप्टिकल फायबरसारख्या मालमत्तांचं दरवर्षी सुमारे 3000 कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारने सांगितलं होतं.

चौकशी कोणी करायची?

ज्याला कायद्याने खोदायचा हक्क आहे आणि ज्याच्या खोदाईने खालच्या वाहिनीला धक्का बसू शकतो, त्याने. म्हणजे महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, वीज किंवा गॅस कंपनी, रस्त्याचा ठेकेदार आणि स्वतःच्या जागेत खोदणारा मालकसुद्धा. दूरसंचार विभागाच्या नियमांनुसार अशी सूचना खोदाई सुरू करण्याआधी सामायिक पोर्टलवर द्यायची असते. ‘आमचं काम छोटं आहे’ हे कारण मला पटत नाही. केबल तुटायला एक पहार पुरते.

काय काय द्यावं लागतं?

इथे कागदपत्रांचा गठ्ठा लागत नाही. नाव, पत्ता, संपर्कासाठी मोबाइल क्रमांक, कामाचं स्वरूप, खोदाईचं कारण, सुरू होण्याची तारीख आणि जागा, एवढी माहिती तयार ठेवा. ती नोंदवली की त्या भागात ज्यांच्या वाहिन्या आहेत अशा नोंदणीकृत संस्थांना एसएमएस आणि ईमेल जातो. अ‍ॅपमधूनच एकमेकांना फोन लावायचीही सोय आहे.

जागा दाखवताना मात्र घाई करू नका, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. उघड्या आकाशाखालीसुद्धा मोबाइलचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवू शकतं. उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत तर चूक आणखी वाढते. पाच मीटर म्हणजे अरुंद रस्त्याची जवळपास दुसरी बाजू! फोनने दाखवलेला ठिपका तसाच पाठवू नका. नकाशा मोठा करून चौक, विजेचा खांब, कंपाउंडचा कोपरा अशा न हलणाऱ्या खुणा शोधा आणि त्यांच्या आधाराने जागा ठरवा. चर लांब असेल तर दोन्ही टोकं आणि मधली वळणं सांगा. खोली व रुंदीही लिहा. चर न खणता आडवं भोक पाडून पाइप ओढणार असाल तर ते ठळक सांगा, कारण त्या पद्धतीत समोर काय आलं ते कुणालाच दिसत नाही.

ही परवानगी नव्हे

अ‍ॅपवरची चौकशी आणि रस्ता खोदाईची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून, शहरात बहुधा महापालिकेच्या वॉर्ड किंवा पथ विभागाकडून घ्यावी लागते. तिथे साधारणपणे अर्ज, जागेचा नकाशा, चराची लांबी-रुंदी, जोडणी मंजूर झाल्याचं पत्र, हमीपत्र आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क मागतात. रहदारीचा रस्ता असेल तर वाहतूक पोलिसांची ना-हरकतही लागते. पावसाळ्यात खोदाई बहुतेक ठिकाणी बंद असते, तेव्हा तारखा त्या हिशेबाने ठरवा.

उत्तर आलं, पुढे काय?

नकाशावरची रेघ पाहून निर्धास्त होऊ नका. अशा नकाशात वाहिनीचा मार्ग असतो, पण खोलीवर विसंबता येत नाही. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, कधी जुना थर खरवडून काढला जातो, आणि मग ‘एक मीटर खाली’ हे नेमकं कुठून मोजलेलं, ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून रेघेच्या आसपास आधी हाताने चाचणी खड्डा घ्या, वाहिनी डोळ्यांनी पाहा आणि मगच यंत्र लावा.

कुणाचंच उत्तर आलं नाही तर खाली काही नाही असं समजू नका. ज्यांनी आपल्या वाहिन्यांची नोंद केली त्यांनाच संदेश जातो. शहरातल्या कित्येक जुन्या जलवाहिन्या अजून कागदी नकाशात आहेत, आणि काही तर फक्त पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या डोक्यात. त्याला गाठा आणि जागेवर घेऊन जा. त्याने बोट दाखवलेली जागा चुन्याने आखून घ्या. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत हा अर्धा तास सर्वांत मोलाचा आहे.

एवढं करूनही केबल तुटलीच तर झाकून टाकू नका, मालक संस्थेला लगेच कळवा. दूरसंचार कायदा, 2023 च्या कलम 42 नुसार दूरसंचार जाळ्याचं नुकसान करणाऱ्यावर नुकसानभरपाई आणि 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गॅसची लाइन असेल तर यंत्र बंद करा, माणसं लांब न्या आणि मगच फोन लावा.

चर बुजवण्याआधी

पाइप टाकून झाला की तो उघडा असतानाच मोजमाप घ्या. दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर, पाइपच्या माथ्यापर्यंतची खोली, पाइपचा व्यास आणि प्रकार लिहून घ्या, टेप धरून फोटो काढा. हीच नोंद सहीनिशी वॉर्ड कार्यालयात द्या आणि तिथल्या नकाशावर चढवायला सांगा. नकाशा आणि जमीन यांत फरक सापडला असेल तर तोही त्याच पत्रात लिहा. त्यावर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका, आणि महिन्याभराने रेघ खरंच चढली का ते जाऊन पाहा.