दाण्याचा हिरा होतो?

दाण्यांपासून हिरा करता येतो असं सांगितलं, तर सोलापुरात आधी विचारतील, मग चटणी कशाची करायची? पण ही थाप नाही. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी पीनट बटरपासून हिऱ्याचे कण बनवले होते. पीनट बटर म्हणजे आपल्या शेंगाचटणीचं लसूण-तिखट नसलेलं, मिळमिळीत भावंड. दाण्यातलं तेल काय, प्रथिनं काय, सांगाडा कार्बनचाच.

हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, हे इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ स्मिथसन टेनंट यांनी १७९७ मध्ये चक्क हिरे जाळून दाखवलं. मग हाताशी येईल त्या कार्बनवर प्रयोग सुरू झाले. १८८० मध्ये ग्लासगोच्या हॅने यांनी हाडांचं तेल, पॅराफिन आणि लिथियम लोखंडी नळ्यांत कोंडून तापवलं. बहुतेक नळ्या फुटल्या. १८९३ मध्ये फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ मॉयसां यांनी साखरेचा कोळसा वितळलेल्या लोखंडात विरघळवून ते लोखंड एकदम गार केलं. (साखरेला आपल्या सोलापूर जिल्ह्यात तरी तोटा नाही!) हिरे मिळाल्याचं दोघांनीही जाहीर केलं, पण तसे ते पुन्हा कुणाला मिळाले नाहीत.

अडलं होतं दाबापाशी. उखळात मुसळाचे घाव बसले की दाण्याला तेल सुटतं, तेवढ्यावर आपलं काम भागतं. हिऱ्याला हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब लागतो, वर सुमारे १४०० अंश सेल्सिअस उष्णता, आणि तीही दाब न सोडता. स्वीडनच्या आसेआ कंपनीला हे १९५३ मध्ये जमलं, पण ती गप्प बसली. १६ डिसेंबर १९५४ रोजी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉल यांच्या प्रेसमधून, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रातून, हिरे निघाले आणि दोन महिन्यांनी जगाला कळलं. यातली खरी मेख धातूत आहे, असं मला वाटतं. वितळलेल्या लोखंडात किंवा निकेलमध्ये कार्बन विरघळतो आणि हिरा होऊन बाहेर पडतो. धातू नसेल तर दाब दुपटीहून जास्त लागतो.

दाणे मात्र यासाठी वाईटच. जर्मनीत बायरॉइट शहरात डॅन फ्रॉस्ट या शास्त्रज्ञांनीही पीनट बटर दाबून पाहिलं, तर तेलातला हायड्रोजन सुटला आणि प्रयोगाचा विचका झाला. म्हणून दाबाने हिरे करणाऱ्या कारखान्यांत कच्चा माल म्हणून ग्रॅफाइटच, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला कार्बन, वापरतात. सुरुवातीचे ते हिरे दागिन्यात बसवण्याजोगे नव्हतेच, बारीक कणी होती. ती घासायच्या चाकांत गेली. आज शहाबादी फरशी कापणाऱ्या कटरच्या पात्याला असते ती हीच कणी.