मर्यादित-क्षमता वाहतूक जालकांची रचना

वाहतुकीच्या जालकातील कोणते दुवे बांधावेत आणि त्यांवरून किती माल न्यावा, हे एकत्रच ठरवून एकूण खर्च किमान राखण्याच्या गणिती पद्धती. दुव्याच्या वहनक्षमतेला कमाल मर्यादा असते, हे यात गृहीत असते.

विषयाचा आरंभ सामान्यतः हिचकॉक यांच्या १९४१ मधील वितरणप्रश्नापासून (अनेक उगमांतून अनेक ठिकाणी माल किमान खर्चात कसा पोहोचवावा) धरतात. मात्र सोव्हिएत संघात टॉलस्टॉय यांनी १९३० मध्येच १० उगमस्थाने व ६८ गंतव्यस्थाने असलेला रेल्वे मालवाहतुकीचा प्रश्न सोडवला होता. तेव्हा अग्रमान त्यांना देणे अधिक रास्त वाटते. क्षमतेची मर्यादा मध्यवर्ती ठरली ती बहुधा १९५५ च्या सुमारास. हॅरिस व रॉस यांच्या त्या वर्षीच्या, अमेरिकी हवाई दलासाठीच्या गोपनीय अहवालात सोव्हिएत व पूर्व युरोपीय रेल्वेचे ४४ शिरोबिंदू (दुवे मिळतात ती ठिकाणे) व १०५ दुव्यांचे जालक असून महत्तम प्रवाह, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त नेता येणारा माल, १,६३,००० टन काढला आहे. रोख मात्र जालक बांधण्यापेक्षा कमीत कमी क्षमतेचे दुवे तोडून ते कसे खंडित करता येईल, याकडे होता. अहवाल १९९९ मध्ये खुला झाला. महत्तम प्रवाह लघुतम छेदाच्या (तोडल्यास उगम व गंतव्य वेगळे पडतात अशा, एकूण क्षमता सर्वांत कमी असलेल्या दुव्यांच्या संचाच्या) क्षमतेएवढा असतो, हा सिद्धांत फोर्ड व फल्कर्सन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. एलायस, फाइनस्टाइन व शॅनन यांनीही तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे मांडला.

नुसत्या क्षमतेने प्रश्न अवघड होत नाही. माल एकाच प्रकारचा आणि क्षमता, मागणी व पुरवठा पूर्णांकी असतील, तर किमान खर्चाचे पूर्णांकी उत्तर रेषीय प्रोग्रॅमिंगने (रेषीय अटी पाळून रेषीय खर्च किमान करण्याच्या पद्धतीने) आपोआप मिळते. खरी अडचण ‘बांधावा की नाही’ या निर्णयाची. समजा, १०० टन क्षमतेचा दुवा बांधायला ५०० एकक खर्च येतो आणि त्यावरून २० टनच माल जायचा आहे. निर्णयचलाला (बांधल्यास १, न बांधल्यास ०) ० ते १ मधील कोणतेही मूल्य घेऊ दिले, की गणित दुव्याचा पाचवा हिस्साच बांधते व खर्च १०० एकक दाखवते. प्रत्यक्षात पाचवा हिस्सा पूल कोणी बांधत नाही. खऱ्या किमान खर्चाची अशी काढलेली खालची सीमा फार सैल राहते. दुव्याची क्षमता त्यावरून जाऊ शकणाऱ्या मागणीपुरती आटवली, की ही सीमा घट्ट होते. रचनाप्रश्न एनपी-कठीण (ज्यासाठी नेहमी जलद चालणारी अचूक रीत ज्ञात नाही असा) असल्याने मोठ्या जालकांसाठी बेंडर्स विघटन (१९६२; बांधणीचा निर्णय व मालाचा प्रवाह आळीपाळीने सोडवणे), लाग्रांज शिथिलीकरण (अवघड अटी काढून त्यांच्या भंगाला खर्चात दंड लावणे) किंवा अनुभवसिद्ध शोधपद्धती वापरतात.

प्रवासी आपापला मार्ग स्वतः निवडत असतील, तर ब्राएस यांनी १९६८ मध्ये दाखवल्याप्रमाणे नवा दुवा जोडूनही सर्वांचाच प्रवासकाळ वाढू शकतो. अशा वेळी प्रश्न द्विस्तरीय होतो : वर नियोजक, खाली प्रवाशांचा समतोल, म्हणजे मार्ग बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती.