पाया ठरल्यावर वाढलेले शंभर फूट

दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. कंत्राट २०१८ मध्ये दिले गेले. तेव्हाच्या आराखड्यात १०० फुटांचा चौथरा आणि त्यावर २५० फुटांचा पुतळा होता. काम चालू असताना, जानेवारी २०२० मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने पुतळा ३५० फुटांचा करायला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६३ कोटींवरून सुमारे १,०९० कोटींवर गेला.

शंभर फूटच तर वाढले, असे ऐकणाऱ्याला वाटते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा हिशेब निराळा. तीच ठेवण राखून उंची १.४ पट केली की वारा अडवणारे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते. शिवाय वाऱ्याचा जोर आधीपेक्षा वर लागतो, म्हणून पुतळ्याच्या बुडाशी उलथवू पाहणारा मोमेंट, म्हणजे जोर गुणिले तो लागतो ती उंची, पावणेतीन पटींच्या घरात जातो. वर वाऱ्याचा वेगही जास्त, आणि जागा समुद्राला लागून. म्हणजे आतला पोलादी सांगाडा, त्याला पायाशी जखडणारे अँकर बोल्ट, पाया, सगळेच पुन्हा तपासायचे. पुतळा उंच असावा ही मागणी गैर नव्हती. पण ती निविदेआधी निकाली काढता आली असती. पुढे मुदत वारंवार सरकली. त्यात कोविडचाही वाटा आहे.

मालकाला, म्हणजे काम करून घेणाऱ्याला, असा मधेच बदल करता येतो, कारण करारातच तशी सोय असते. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ या ठरावीक नमुन्याच्या करारातले १४ वे कलम पाहा: अभियंत्याने डिझाइन बदलले, काम वाढवले, तरी करार रद्द होत नाही, त्या प्रमाणात मुदतवाढ मिळते. निविदेतल्या बाबीचे परिमाण १२५ टक्क्यांपर्यंत वाढले तर मूळ दरानेच काम करायचे. नवी बाब आली की दरसूची काढून दर ठरवायचा, आणि रक्कम फारच फुगली की ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. सुप्रमाच्या प्रस्तावात दरवाढ, वाढीव काम, भूसंपादन अशी कारणे असतात. निर्णय उशिरा झाला, हे कारण मी तरी कुठे ठळकपणे लिहिलेले पाहिलेले नाही.

हे आपल्याकडचेच दुखणे नाही. सिडनी ऑपेरा हाउसचे काम सरकारच्या घाईमुळे मार्च १९५९ मध्ये, डिझाइन पुरे होण्याआधीच सुरू झाले. १९६६ मध्ये वास्तुकार यॉर्न उत्झन बाहेर पडले. त्यानंतर मोठे सभागृह फक्त संगीत मैफलींसाठी ठेवायचे ठरले आणि आधीच बसवलेली रंगमंचाची यंत्रसामग्री उखडून काढावी लागली. ७० लाख डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर गेला. १९६३ मध्ये उघडायची इमारत १९७३ मध्ये उघडली.

मुंबईच्या मेट्रो-३ मध्ये तर मालकच बदलले, निदान मालकाच्या खुर्चीवरचे. आरेतल्या कारशेडला, म्हणजे मेट्रोच्या डेपोला, नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थगिती मिळाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा झाली, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या जागेच्या हस्तांतराला स्थगिती दिली. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने आरेवरची बंदी उठवली. आरेतली झाडे तोडण्याचा प्रश्न खरा होता, आणि तो स्वतंत्रपणे वादाचा आहे. प्रकल्पाच्या बाजूने पाहिले तर एवढेच दिसते की या काळात बोगदे खणणे चालूच होते, गाड्या उभ्या करायची जागा मात्र ठरत नव्हती. डेपोशिवाय मेट्रो चालत नाही. तिथेच गाड्यांची देखभाल आणि चाचणी होते. मूळ २३,१३६ कोटींचा प्रकल्प २०२२ मध्ये ३३,४०५ कोटींवर गेला. ही सगळी वाढ कारशेडच्या माथी मारणे चूक ठरेल, पण मधल्या अडीच वर्षांत तिथले काम ठप्प होते. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, आरेतल्याच कारशेडच्या भरवशावर.