जॉर्जियातली अटकेची नोंद: पुसलेली की कंसात टाकलेली?

२४ ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटातल्या फुल्टन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तुरुंगात तेव्हाचे माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा फोटो काढला गेला आणि त्याच रात्री तो जगभर पोचला. त्यांचं काही बिघडलं नाही, उलट त्या फोटोचे टी-शर्ट विकले गेले. पण त्याच तुरुंगात रोज सामान्य माणसांचेही फोटो निघतात, ठसे घेतले जातात, नोंद होते. पुढे आरोपपत्रच दाखल झालं नाही तरी ती नोंद जागच्या जागी राहते. त्यांचे टी-शर्ट निघत नाहीत.

जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत. प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, वेगळा, न्यायालयाचा क्लार्क वेगळा, दप्तर वेगळं. राज्याच्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे पोलिसांचा अटकेचा प्राथमिक अहवाल तपास चालू असतानाही कुणालाही मागता येतो. मागणाऱ्याचा त्या प्रकरणाशी संबंध असायची गरज नाही.

कागदी दप्तरांच्या काळात यानं फारसं बिघडत नसे, कारण कोर्टाच्या तळघरात जाऊन रजिस्टरं चाळायला वेळ कुणाला होता? देशव्यापी संगणकीय गुन्हे-नोंदवही १९६७ साली सुरू झाली. १९७६ साली एक वेगळंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. केंटकीतल्या लुईव्हिल भागाच्या पोलिसांनी ‘दुकानातले चोर’ म्हणून फोटोंचं पत्रक व्यापाऱ्यांत वाटलं होतं. त्यातल्या एकावरचा आरोप पुढे काढून टाकला गेला, तरी नुसती अब्रू गेली म्हणून घटनेचा भंग होत नाही, असं न्यायालय म्हणालं. १९८९ साली त्याच न्यायालयाचा सूर जरा बदलला. गावोगावच्या दप्तरांत विखुरलेले कागद ही एक गोष्ट आणि केंद्राकडे एकत्र केलेली कुंडली ही दुसरी, असं त्यानं मानलं. कागद उघडे असले तरी ते हुडकायला जो खटाटोप लागतो, तोच खासगीपणाचं कुंपण ठरतो, असा त्याचा अर्थ. इंटरनेटनं हे कुंपण पाचसात वर्षांत जमीनदोस्त केलं.

२०१०च्या आसपास तुरुंगातले फोटो उचलून संकेतस्थळावर टाकायचे आणि काढायचे पैसे मागायचे, असा धंदाच उभा राहिला. जॉर्जियानं २०१३ साली ठरावीक प्रकरणांत असा फोटो फुकट काढून टाकणं सक्तीचं केलं. २०१४ साली पोलिसांनी स्वतःच्या संकेतस्थळावर असे फोटो टाकण्यावर बंदी आली.

पण खरा गुंता ‘एक्सपंज’, म्हणजे पुसून टाकणं, या एका शब्दाचा आहे. आपल्याकडे विधिमंडळात एखादं वाक्य ‘कामकाजातून वगळलं’ की ते छापील इतिवृत्तात येत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात ‘एक्सपंज करून घे’ हा सल्ला याच अर्थानं फिरतो: पाटी कोरी, विषय संपला. जॉर्जियाच्या कायद्यात हा शब्द पूर्वी होताही. अटक करणाऱ्या पोलीस खात्याकडेच अर्ज करायचा, म्हणजे ज्यांनी पकडलं त्यांच्याच दारात जायचं. आणि मंजुरी मिळाली तरी नष्ट काहीच होत नसे.

१ जुलै २०१३ पासून कायद्यानं हा शब्द सोडला आणि ‘रेकॉर्ड रिस्ट्रिक्शन’, म्हणजे नोंद दाखवण्यावर बंधन, म्हणायला सुरुवात केली. माझ्या मते त्या दुरुस्तीतला हा सगळ्यात प्रामाणिक भाग. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर कंस केलेलं नाव असतं ना, तसं हे आहे. नाव कमी झालं, पण वाचता येतं. फक्त कुणाला, एवढंच बदललं. नोकरी देणाऱ्याला किंवा घरमालकाला राज्याच्या मध्यवर्ती नोंदीत ते दिसणार नाही. पोलीस आणि सरकारी वकिलांना दिसणारच. प्रकरण सरकारी वकिलाकडे गेलंच नाही तर किरकोळ गुन्ह्यात २ वर्षांनी, गंभीर गुन्ह्यात ४ वर्षांनी आणि हिंसक वा लैंगिक स्वरूपाच्या गंभीर गुन्ह्यात ७ वर्षांनी नोंदीला आपोआप कंस पडतो. १ जुलै २०१३ च्या आधीच्या अटकेसाठी मात्र अजूनही जुनाच रस्ता, पोलीस खात्याकडे अर्ज.

आणि हा कंस पडतो तो राज्याच्या नोंदीत. काउंटी क्लार्ककडची फाइल उघडीच राहते. ती बंद करायला न्यायालयात वेगळा अर्ज लागतो. तुरुंगाच्या दप्तरासाठी आणखी एक लेखी विनंती. माणूस एका खिडकीवर काम उरकून घरी जातो आणि दुसऱ्या दोन खिडक्या उघड्या राहतात. बहुतेक मनस्ताप इथून सुरू होतो.

शिक्षा झालेल्यांना २०२१ पर्यंत फारशी वाट नव्हती. १ जानेवारी २०२१ पासून आयुष्यभरात दोन किरकोळ गुन्ह्यांपर्यंत ही सोय मिळाली, शिक्षा संपून ४ वर्षं स्वच्छ गेली असतील तर. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा यात बसत नाही.

पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्यांना केंद्राच्या १९७० च्या कायद्यानं बांधलं आहे: शिक्षेपर्यंत न पोचलेली अटक ७ वर्षांनंतर अहवालात दाखवायची नाही. मात्र वर्षाला ७५,००० डॉलर किंवा जास्त पगाराच्या नोकरीला ही मर्यादा लागू नाही. केंद्राचा कायदा म्हणून आयटीतल्या आपल्या बहुतेकांना याचाच आधार वाटतो, आणि नेमके तेच पगारामुळे या संरक्षणाबाहेर पडतात.

त्याहून कठीण ठिकाण म्हणजे इमिग्रेशन. जॉर्जियात १९६८ पासून पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्यासाठी सवलत आहे: गुन्हा कबूल करा, अटी पाळा, राज्याच्या दृष्टीनं तुम्हाला शिक्षा झालेलीच नाही. १९९६ च्या केंद्रीय इमिग्रेशन कायद्यानं मात्र शिक्षेची स्वतःची व्याख्या केली. कबुली आणि सोबत कसलाही दंड किंवा बंधन असलं की ती शिक्षाच. राज्यानं नंतर काय पुसलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. २०१५ पासून तर दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात प्रश्न असतो, तुम्हाला कधी अटक झाली आहे का, माफी मिळालेली असली तरी. त्याचं उत्तर ‘हो’च द्यावं लागतं आणि सोबत प्रकरणाच्या निकालाची प्रमाणित प्रत लागते. ती काउंटी क्लार्ककडे मिळते. फाइल बंद झाल्यावर ती काढणं त्रासाचं होतं, म्हणून वकील आधी दोन-तीन प्रती काढून ठेवायला लावतात.